काचेवरचं नाव : ‘द लेडी व्हॅनिशेस’ पाहण्याआधी

रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एक वयस्क बाई आणि एक तरुण मुलगी समोरासमोर बसून चहा घेत आहेत. ओळख आजचीच. मुलगी बाईंना नाव विचारते. बाई सांगतात, पण नेमका त्याच वेळी गाडीचा आवाज वाढतो आणि नाव त्यात बुडून जातं. मग बाई हात लांब करतात आणि वाफ धरलेल्या खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहितात. फ्रॉय. मिस फ्रॉय. चहा आटोपून दोघी आपल्या डब्यात परततात. मुलीच्या डोक्याला सकाळी स्टेशनवर मार लागलेला असतो, त्यामुळे तिचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा समोरची जागा रिकामी असते. ती सहप्रवाशांना विचारते, माझ्याबरोबरच्या बाई कुठे गेल्या? ते तिच्याकडे बघत राहतात. कुठल्या बाई? इथे अशा कुणी बाई नव्हत्याच.

अल्फ्रेड हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ या १९३८ सालच्या ब्रिटिश चित्रपटाचा कणा एवढाच आहे. हे छोटं पुस्तक त्या एकाच चित्रपटाविषयी आहे. आपल्याकडे हिचकॉकचा विषय निघाला की गाडी सहसा ‘सायको’, ‘व्हर्टिगो’, ‘रिअर विंडो’ या स्टेशनांवर थांबते. ही सगळी त्याची अमेरिकेतली कामगिरी. त्याआधी जवळपास दीड दशक तो लंडनमध्ये चित्रपट करत होता. १९३४चा ‘द मॅन हू न्यू टू मच’, १९३५चा ‘द थर्टीनाइन स्टेप्स’, १९३६चे ‘सीक्रेट एजंट’ आणि ‘सॅबोटाज’, १९३७चा ‘यंग अँड इनोसंट’ आणि मग हा. चार-पाच वर्षांत सहा रहस्यपट. त्या मालिकेत सर्वांत हसरा, सर्वांत वेगवान आणि माझ्या मते सर्वांत खोलवर जाणारा चित्रपट हाच आहे.

मी तो पहिल्यांदा एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. प्रत जुनी होती, आवाज मधूनमधून खरखरत होता. खेळ संपल्यावर जिना उतरताना सगळे खलनायकाबद्दल, गोळीबाराबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यातून मात्र दोन साधी, सभ्य, मध्यमवयीन माणसं जात नव्हती. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं, कुणाला लुबाडलं नव्हतं. फक्त एका मुलीने मदत मागितली तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले होते, आणि कारण इतकं क्षुल्लक होतं की ते आठवून अंगावर काटा येत होता. त्यानंतर हा चित्रपट कितीतरी वेळा पाहिला, आणि दर वेळी माझं लक्ष कटवाल्यांपेक्षा या नेमस्त माणसांकडेच अधिक गेलं. या पुस्तकामागची प्रेरणा तीच. भल्या माणसांच्या गप्प बसण्यातून भय कसं उभं राहतं, हे या चित्रपटाइतकं नेमकेपणाने फार थोड्यांनी दाखवलं आहे.

ते नेमकेपण समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘बाई खरंच होत्या की मुलीला भास झाला?’ हे या चित्रपटातलं कोडं नाही. आपण बाईंना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचा ट्वीडचा पोशाख, त्यांची बडबड, वेटरच्या हाती सोपवलेली आपल्या खास चहाची पुडी, हे सगळं आपल्यासमोर घडलेलं आहे. दिग्दर्शकाने मनात आणलं असतं तर आपल्यालाही अंधारात ठेवता आलं असतं. पण मग आपण खुर्चीत निवांत बसून दोन्ही बाजू तपासत राहिलो असतो. त्याने आपल्याला साक्षीदार केलं. आता गाडीतला एकेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतो तेव्हा मुलीबरोबर आपलीही साक्ष खोटी ठरते. आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं, आणि आपला आवाज पडद्याच्या पलीकडे पोहोचत नाही. उत्कंठा म्हणतात ती ही. रहस्य दडवून ती वाढत नाही. सत्य हातात देऊन ते कुणाला पटवता येऊ नये, अशी सोय केली की ती वाढते.

मुलीचं नाव आयरिस हेंडरसन. लग्नाआधीची शेवटची सहल संपवून ती लंडनला परतते आहे. तिला खोटं पाडणाऱ्यांचे दोन गट आहेत. पहिला गट कटात सामील असलेल्यांचा. काळ्या कपड्यांतली कठोर चेहऱ्याची सरदारीण, डॉपो नावाचा इटालियन जादूगार आणि त्याचं कुटुंब, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलेले डॉ. हार्ट्‌झ. डॉक्टर अतिशय मृदू आवाजात आयरिसला समजावतात की डोक्याला मार लागल्यावर असे भास होतात, यात वावगं काही नाही. या मंडळींना खोटं बोलायचंच आहे. ते का बोलतात हे यथावकाश कळतं, आणि कळल्यावर आपण त्यांच्यावर रागावून मोकळे होतो.

दुसरा गट आयरिसच्याच देशातल्या माणसांचा आहे, आणि चित्रपटाचा जीव त्या गटात आहे. चार्टर्स आणि काल्डिकॉट हे दोन मित्र. त्यांना एकाच गोष्टीची काळजी आहे. मँचेस्टरला कसोटी सामना चालू आहे आणि तो संपायच्या आत तिथे पोहोचायचं आहे. डायनिंग कारमध्ये चार्टर्स साखरेचे खडे टेबलावर मांडून मैदानावरचा एक वादग्रस्त क्षण मित्राला समजावत असतो. हा इथे, तो तिथे, पंच या बाजूला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून मिस फ्रॉय साखर मागतात. मांडलेला डाव मोडतो, एकेक खडा उचलून परत भांड्यात टाकावा लागतो. त्या वेळचे चार्टर्सचे डोळे बघावेत. म्हणजे या बाईंना आपण पाहिलंच नाही असं म्हणायला त्याला जागा उरलेली नाही. तरीही आयरिस विचारते तेव्हा तो हात झटकतो. पाहिलं म्हटलं तर चौकशी होणार, गाडी थांबणार, सामना हुकणार. नसती भानगड कशाला?

त्याच गाडीत एरिक टॉडहंटर हा वकील आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे, आणि सोबत जी बाई आहे ती त्याची बायको नाही. मिस फ्रॉय तोल जाऊन त्यांच्या दारात आदळल्या होत्या, दोघांनीही त्यांना पाहिलं होतं. पण साक्ष द्यायची म्हणजे नाव सांगायचं, नाव सांगायचं म्हणजे वर्तमानपत्रात यायचं. तो नाही म्हणतो. त्याच्याबरोबरची बाई आधी हो म्हणते. तिला सत्याचा पुळका आलेला नसतो. बोभाटा झाला तर याला आपल्याशी लग्न करावं लागेल, असा तिचा हिशेब असतो. तो हिशेब फसतो आहे असं दिसताच ती साक्ष फिरवते. खरं बोलणंही इथे स्वार्थापोटी आणि खोटं बोलणंही स्वार्थापोटी. पटकथाकारांनी हे इतक्या सहज, हसत-खेळत मांडलं आहे की पहिल्या वेळी आपण हसून पुढे जातो. दुसऱ्या वेळी हसू येत नाही.

प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाचं कारण लहान. कटवाल्यांनी या लोकांना ना पैसे चारले आहेत ना धमकावलं आहे. त्याची गरजच पडलेली नाही. चार माणसं आपापल्या सोयीसाठी मूग गिळून बसली की कटाचं अर्धं काम आपोआप होतं.

मग सत्याच्या बाजूने काय उरतं? काचेवरचं नाव. आयरिस पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसते आणि ती अक्षरं तिला दिसतात. ती ओरडते, समोरच्याला दाखवायला वळते, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरते. बोगद्यातून बाहेर येईपर्यंत काच कोरी. एवढा साधा प्रसंग, त्यात मारामारी नाही की पाठलाग नाही, आणि तरी संपूर्ण चित्रपटात याहून मोठा धक्का मला सापडलेला नाही. पुढे असाच एक दुसरा क्षण येतो. गिल्बर्ट नावाचा तरुण आयरिसबरोबर फिरतो आहे, पण ‘मुलगी गोड आहे, भास झाला असेल’ इतपतच त्याचा विश्वास. स्वयंपाकघरातून कुणीतरी केरकचरा बाहेर फेकतो, आणि वाऱ्यावर उडालेला मिस फ्रॉय यांच्या चहाच्या पुडीचा कागद त्याच्यासमोरच्या खिडकीवर येऊन क्षणभर चिकटतो. तो वाचतो. कागद उडून जातो. गिल्बर्टचा चेहरा बदलतो. एका माणसाने दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याचा क्षण इतक्या स्वस्तातल्या वस्तूतून कुणी दाखवला असेल असं मला आठवत नाही. दोन्ही पुरावे खिडकीच्या काचेवर येतात, दोन्ही क्षणात जातात. एक पाहणारी एकटी पडते, दुसरा पाहणारा तिला सोबत करतो. चित्रपटाची सगळी बांधणी या दोन काचांमध्ये मावते.

ही गोष्ट मुळात हिचकॉकची नाही. एथेल लीना व्हाइट या वेल्समध्ये जन्मलेल्या लेखिकेची ‘द व्हील स्पिन्स’ ही कादंबरी १९३६ साली आली. तिच्यातली मिस फ्रॉय साधी शिक्षिका आहे. तिच्या पाहण्यात नकळत असं काही आलेलं असतं की ते तिच्या मालकांना महागात पडलं असतं. कादंबरीतल्या आयरिसला उन्हाचा झटका बसतो, चित्रपटात तिच्या डोक्यावर फुलझाडांची पेटी पडते. क्रिकेटवेडे मित्र कादंबरीत नाहीत. ते सिडनी गिलियट आणि फ्रँक लाँडर या पटकथाकारांचे. या कथेमागे आणखी जुनी एक दंतकथाही सांगितली जाते. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या दिवसांत एक आई आणि मुलगी हॉटेलात उतरतात, आई आजारी पडते, मुलगी औषध आणायला जाते आणि परत येते तर हॉटेलवाले म्हणतात, तुम्ही एकट्याच आला होतात. खोलीचा भिंतीवरचा कागदसुद्धा बदललेला. हिचकॉकला ही कहाणी ठाऊक होती आणि त्याने ती दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला मुलाखतीत सांगितली. खरी-खोटी कशीही असो, या कहाणीत माणसाच्या मनातली फार जुनी भीती आहे. मी पाहिलं ते जगाने नाकारलं तर मी काय करू?

चित्रपटही आधी दुसऱ्याच्या हाती होता. गेन्सबरो पिक्चर्सने तो रॉय विल्यम नील या दिग्दर्शकाकडे सोपवला होता. बाह्यचित्रणासाठी एक पथक युगोस्लाव्हियात गेलं. तिथल्या पोलिसांच्या नजरेस संहिता पडली, आपल्या देशाचं चित्रण त्यांना रुचलं नाही आणि पथकाला देशाबाहेर काढण्यात आलं. काम बारगळलं. पुढे हिचकॉक विषयाच्या शोधात असताना निर्माता एडवर्ड ब्लॅकने ही तयार पटकथा त्याच्यापुढे ठेवली. त्याने सुरुवात आणि शेवट लेखकांकडून घट्ट करून घेतले आणि बाकी पटकथा बहुतांशी तशीच ठेवली. चांगली पटकथा ओळखून तिला धक्का न लावणं, हेही दिग्दर्शकाचं काम असतं.

चित्रीकरण झालं लंडनच्या इसलिंग्टन स्टुडिओत. ही इमारत मुळात एका रेल्वे कंपनीचं वीजघर होती. रेल्वेला वीज पुरवण्यासाठी बांधलेल्या भिंतींच्या आत चित्रपटातली सर्वांत लक्षात राहणारी रेल्वे धावली, हा योगायोग मला फार आवडतो. आणखी एक योगायोग असा की याच स्टुडिओत विशीतला हिचकॉक मूकपटांची शीर्षकं रंगवायला नोकरीला लागला होता. आता तो तिथेच आपल्या ब्रिटिश कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला चित्रपट करत होता.

जागा किती? हिचकॉकच्या सांगण्याप्रमाणे सेट नव्वद फुटांचा. त्यात एक डबा उभा केला. बाकी सगळी धावती गाडी, डोंगर, पूल, मागे पळणारी झाडं, ही कामगिरी पार्श्वपडद्यावर प्रक्षेपित केलेल्या दृश्यांची आणि लहान प्रतिकृतींची. सुरुवातीला कॅमेरा बर्फातल्या एका गावावरून तरंगत हॉटेलच्या खिडकीपर्यंत जातो, ते गाव टेबलावरच्या देखाव्यासारखं दिसतं आणि ते लपवण्याचा फारसा प्रयत्नही नाही. आजच्या प्रेक्षकाला ते खोटं वाटेल. पण पुढे डब्यात गेल्यावर याच तंगीचा फायदा दिसतो. जागाच नाही, त्यामुळे माणसं एकमेकांच्या अंगावर येतात. बोळकांड्या अरुंद, दारं सरकती, प्रत्येक दाराला काच, प्रत्येक काचेमागे एक चेहरा. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. चाकांचा ठेका, शिट्टी, कपबश्यांची किणकिण हेच संगीत. बाहेर पळून जायला वाट नाही, हे भिंतीच सांगतात.

त्याच्या कारागिरीचा एकच नमुना जवळून पाहू. डायनिंग कारमध्ये डॉ. हार्ट्‌झ, आयरिस आणि गिल्बर्ट बोलत बसले आहेत. टेबलावर दोन पेले आलेले आहेत. त्या पेयात गुंगीचं औषध असल्याचं आपल्याला ठाऊक आहे, त्या दोघांना नाही. दुसऱ्या कुणी मधूनमधून पेल्यांचा वेगळा शॉट घेतला असता. हिचकॉकने कॅमेरा पेल्यांच्या मागे ठेवला. पडद्याच्या पुढच्या भागात दोन पेले, त्यांच्या आडून दिसणारी माणसं. पेले आणि चेहरे दोन्ही एकदम स्पष्ट दिसावेत म्हणून त्याने नेहमीपेक्षा मोठे पेले बनवून घेतले. माणसं बोलत राहतात, आपले डोळे पेल्यांवर. हात पुढे येतो, मागे जातो. संवाद कानांवर पडतात पण आपण मोजत असतो तो घोट. छायाचित्रकार जॅक कॉक्स आणि हिचकॉक यांनी मूकपटांच्या काळापासून बरोबर काम केलेलं होतं. अशी युक्ती त्या जुन्या सवयीतूनच सुचते.

नटसंचाबद्दलही सांगायलाच हवं. आयरिसची भूमिका करणारी मार्गारेट लॉकवुड हिचा जन्म १९१६ साली कराचीत झाला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि तिचे वडील तिथे रेल्वे कंपनीत अधिकारी होते. या चित्रपटात ती बावीस वर्षांचीही झालेली नव्हती. श्रीमंत घरातल्या लाडावलेल्या मुलीपासून सगळ्या गाडीशी एकटी भांडणाऱ्या बाईपर्यंतचा तिचा प्रवास कुठेही आरडाओरडीवर टेकत नाही. ती चिडते, रडकुंडीला येते, क्षणभर स्वतःवरच शंका घेते, आणि पुन्हा उभी राहते. गिल्बर्ट झालेला मायकेल रेडग्रेव्ह रंगभूमीवरचा नट, त्या हंगामात जॉन गिलगुडच्या नाटक कंपनीत काम करत होता. पडद्यावरची ही त्याची पहिली मोठी भूमिका. मिस फ्रॉय म्हणजे मे व्हिटी. पहिल्या महायुद्धातल्या सेवाकार्यासाठी त्यांना १९१८ साली ‘डेम’ हा किताब मिळालेला होता, आणि या चित्रपटाच्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या बडबडीमागे एक टणक बाई बसलेली आहे, हे त्या केवळ नजरेने सांगतात. डॉ. हार्ट्‌झ झालेला पॉल लुकास मूळचा बुडापेस्टचा. चार्टर्स आणि काल्डिकॉटच्या भूमिका करणारे बेझिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन हे तर इतके लोकप्रिय झाले की हीच जोडी त्याच नावांनी पुढे कॅरोल रीडच्या १९४०च्या ‘नाइट ट्रेन टू म्युनिक’मध्ये आणि आणखी काही चित्रपटांत परत आली.

आता काळाविषयी. चित्रपटातला देश बँड्रिका, नकाशावर न सापडणारा. परकीय सरकारं दुखावतील असं काही पडद्यावर येऊ नये याबाबत तेव्हाचे ब्रिटिश सेन्सॉर दक्ष असत, म्हणून असे देश कल्पावे लागत. पण १९३८ साली मध्य युरोपातला हुकूमशाहीचा देश म्हटल्यावर कुणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. मार्चमध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला होता. सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिकमध्ये करार झाला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुदेटन प्रदेश त्याला देऊन टाकण्यात आला. लंडनमध्ये लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या शरद ऋतूत ब्रिटिश प्रेक्षक हा चित्रपट बघत होते.

चित्रपटाच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. डबा आडवाटेच्या रुळावर नेऊन जंगलात उभा केला आहे, बाहेर सशस्त्र शिपाई, आत चहाच्या वेळेला टेबलाशी बसलेली इंग्रज माणसं. काहींना अजूनही वाटतं की सगळा गैरसमज आहे, बोलून मिटेल. टॉडहंटर म्हणतो, आपण लढणार नाही. तो पांढरा रुमाल हातात घेऊन डब्याबाहेर उतरतो आणि शिपायांच्या दिशेने चालू लागतो. पुढे काय होतं ते पडद्यावरच बघावं. एवढंच सांगतो की हा प्रसंग लिहिला आणि चित्रित झाला तेव्हा म्युनिकचा करार व्हायचा होता. पटकथाकारांना भविष्य दिसत नव्हतं. त्यांना आपल्या आजूबाजूची माणसं दिसत होती. ज्यांनी ‘नसती भानगड कशाला’ म्हणून बाईंना ओळख दिली नाही, तीच माणसं आता शिपायांसमोर आहेत. पूर्वार्धातला घरगुती स्वार्थ आणि उत्तरार्धातलं राजकारण यांना जोडणारा धागा हा असा आहे. आणि माणसांना बदलायची संधीही चित्रपट देतो. चार्टर्स आणि काल्डिकॉट त्या डब्यात जे करतात, त्यामुळे त्यांना माफ करावंसं वाटतं.

मँचेस्टरच्या सामन्याचं पुढे काय झालं, त्यांना स्टेशनवर कोणती बातमी मिळते, तेही इथे फोडत नाही. एक खरी घटना मात्र सांगण्यासारखी आहे. १९३८च्या जुलैत मँचेस्टरला इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला कसोटी सामना ठरला होता. पावसामुळे एकही चेंडू न टाकता तो सोडून द्यावा लागला. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटरसिकांना मँचेस्टर म्हटलं की १९३६ साली तिथे विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी केलेली २०३ धावांची सलामी आठवते. त्यामुळे या दोघांचं वेड आपल्याला परकं वाटत नाही. तिथेच या चित्रपटाचा डंख आहे. आपणही त्या डब्यात बसलेलो असतो.

दोष नाहीत असं नाही. गाडी सुटायला पंचवीसेक मिनिटं लागतात. तोवर बर्फात अडकलेल्या हॉटेलात जेवण नाही, खोल्या नाहीत, वरच्या मजल्यावर लोकनृत्याचा दणदणाट, अशी धमाल चालते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की आपण चुकून विनोदी चित्रपटाला आलो. पण याच वेळात प्रत्येक माणसाची एकेक दुबळी बाजू आपल्याला दाखवून ठेवलेली असते, आणि गाडीत ती एकेक करून वापरली जाते. दुसरा आक्षेप मोठा आहे. ज्या गुपितासाठी एवढा खटाटोप चालतो ते एका गाण्याच्या चालीत दडवलेलं असतं. राजनैतिक गुपितं अशी कोण पाठवतं? पटण्याजोगं नाही, हे मान्य करायला हवं. हिचकॉकलाही त्याची फिकीर नव्हती. त्याच्या लेखी गुपित काय आहे याला महत्त्व नसे, त्यासाठी माणसं काय करतात याला असे. मला मात्र ती चाल आवडते. काचेवरचं नाव पुसलं जातं, चहाचा कागद उडून जातो, पण पाठ केलेली चाल कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे विश्वासाने सोपवावी लागते.

या चित्रपटासाठी न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी हिचकॉकला १९३८ सालचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवलं. त्याच वर्षी त्याने हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याच्याशी करार केला आणि १९३९ साली तो अमेरिकेला निघून गेला. त्याच सप्टेंबरात युद्ध पेटलं. पुढे १९७९ साली या कथेवर पुन्हा चित्रपट निघाला, २०१३ साली बीबीसीने दूरचित्रवाणीसाठी ती परत केली. ते प्रयत्न आले आणि गेले. मूळ चित्रपट टिकला. त्रुफोने हिचकॉकला सांगितलं होतं की हा चित्रपट त्याला तोंडपाठ आहे, दर वेळी तो ठरवतो की आज गोष्टीकडे लक्ष न देता फक्त तंत्र बघायचं, आणि दर वेळी गोष्टीत इतका गुंततो की तंत्र बघायचं राहून जातं. स्वतः थोर दिग्दर्शक असलेल्या माणसाची ही कबुली आपल्याला धीर देणारी आहे.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या प्रकरणांत चित्रपट प्रसंगाप्रसंगाने उलगडला आहे आणि तिथे शेवटही सांगावा लागला आहे. तेव्हा आधी चित्रपट पाहून घ्या. जेमतेम दीड तासाचा आहे, सहज मिळतो. शक्य झालं तर एकट्याने पाहू नका, घरातल्या चार माणसांना बोलावून, दिवे मालवून पाहा. ननच्या पोशाखातल्या बाईच्या पायांकडे लक्ष असू द्या. शेवटाकडे व्हिक्टोरिया स्टेशनवर सिगारेट ओढत जाणारा एक जाडसर माणूस दिसेल, तो स्वतः हिचकॉक. आणि आयरिस डब्याडब्यांतून लोकांना विचारत फिरते तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघा. त्यातला कुठला चेहरा आपल्या ओळखीचा वाटतो, ते स्वतःशी ठरवा, आणि मग हे पान उलटा.